परसातला ठिबक संच: दहा महिन्यांनंतर

दसऱ्याला घेतला, आता श्रावण चालू आहे. थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असं सगळं या संचानं पाहिलंय. घेतल्यावर आठ दिवसांतच "एकदम मस्त आहे, घ्याच" म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यातलं थोडं आता मागे घ्यायचंय. सगळं नाही.

आधी जागा सांगते, कारण या वस्तूचं बरंवाईट जागेवरच ठरतं. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घरामागे अर्धा गुंठा, म्हणजे पाचशे-साडेपाचशे चौरस फूट काळी माती. पाणी बोअरचं, इतकं जड की बादलीला महिन्याभरात पांढरा थर चढतो. न्हाणीच्या स्लॅबवर, जमिनीपासून दहाएक फुटांवर ५०० लिटरची टाकी. वांगी, टोमॅटो, भेंडी, दोडका जमिनीत. तीन फुटी कट्ट्यावर आणि जिन्याच्या वळणावर ग्रो बॅगा, त्यांत मिरच्या, पुदिना, गवती चहा.

संचात १६ मिमीची काळी नळी ३० मीटर, ४ मिमीची बारीक नळी, ताशी ४ लिटरचे ५० ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), जॉइनर, टी, एंड कॅप, भोकं पाडायचा पंच आणि बोटाएवढी जाळीची गाळणी. मला ११५० रुपयांना पडला. जोडणी एका रविवारात झाली. नळीचं वेटोळं तासभर उन्हात टाकून ठेवा, मगच हात घाला. थंड नळी सापासारखी गुंडाळून परत येते.

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर "ताशी ४ लिटर" लिहिलेलं असतं, ते साधारण एक किलो (चौरस सेंटिमीटरला) दाबाला. शेतात मोटर असते, तिथे तो दाब मिळतो. दहा फुटांवरच्या टाकीतून मिळतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबरात मिरच्या माना टाकायला लागल्या आणि वांगी मात्र खुशीत, तेव्हा डोक्यात किडा वळवळला. स्वयंपाकघरातला मापाचा पेला घेतला आणि प्रत्येक ठिकाणी एकेका ड्रिपरखाली बरोबर दहा मिनिटं धरला. जमिनीवर ३८० मिली. कट्ट्यावर ३२०. जिन्याच्या वळणावर फक्त २४०. म्हणजे जमिनीवर ताशी सव्वादोन लिटर आणि जिन्यात दीडसुद्धा नाही. झाड जितकं वर, तितकी टाकी त्याच्यापासून जवळ आणि तितका दाब कमी. सरळ हिशोब आहे, पण दुकानदार सांगत नाही.

यावर मी आधी महाग उपाय केला. "सगळीकडे सारखंच पाणी" असं लिहिलेले दाब-नियंत्रित ड्रिपर आणले. ते आमच्या दाबाला नीट उघडेचनात, डोळ्यात औषध घालावं तसं थेंब-थेंब. तेवढे पैसे पाण्यात गेले (पाणी तरी कुठे होतं म्हणा). शेवटी साधे ड्रिपरच दुप्पट केले, जिन्यातल्या प्रत्येक बॅगेला दोन-दोन. मिरच्यांची तक्रार संपली. टाकीचं पाणी वापरणार असाल तर खोक्यावरच्या आकड्याचा निम्मा धरून चाला आणि एकदा पेला घेऊन स्वतः मोजा.

टायमरचं असंच. पहिला आणला तो आतल्या पडद्याच्या व्हॉल्ववर चालणारा. त्याला उघडा-मिटायलाच पाण्याचा जोर लागतो. आमच्याकडे तो 'टक' असा आवाज करायचा आणि ढिम्म बसायचा. परत केला. दुसरा गोळीच्या व्हॉल्वचा, आत छोटी मोटर कॉक फिरवते, दाब नसला तरी चालतं. किंमत २२००, संचाच्या जवळजवळ दुप्पट, पण टाकीवाल्यांनी हाच घ्यावा. त्याचीही एक खोड आहे. सेल उतरले की आहे त्याच स्थितीत अडकतो. मार्चमधल्या एका रात्री तो उघडाच राहिला आणि पहाटे टाकीत टिपूस नाही. सासूबाई टॉवेल खांद्यावर टाकून मागच्या दारात उभ्या: "झाडं न्हाली म्हणून माणसांनी काय पारोसं बसायचं?" तेव्हापासून दर दोन महिन्यांनी सेल बदलते, उरलेले घड्याळाला घालते.

पण याच टायमरनं मे महिन्यात लाज राखली. नणंदेच्या घरी लग्न, घर बंद, ऊन बेचाळीसच्या पुढे. परत आल्यावर गाडीतून उतरून पहिली मागेच गेले. वांगी ताठ उभी. दोडक्याची दोन फळं जून होऊन लाकूड झाली होती, ती बियाण्याला ठेवली. आधी अशा वेळी शेजारच्या काकूंना किल्ली द्यायची आणि आल्यावर त्यांच्या पाणी घालण्याबद्दल मनातल्या मनात कुरकुरायचं, असं चालायचं.

जड पाण्याची गोष्ट मात्र रोजचीच. तिसऱ्या महिन्यात ड्रिपरच्या तोंडांवर चुना धरला, अकरा जवळपास बंद. माझ्या संचातले ड्रिपर फिरवून उघडतात, म्हणून वाचले. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले आणि जुन्या टूथब्रशनं घासले. उघडता न येणारे, सीलबंद ड्रिपर बोअरच्या पाण्याला घेऊच नका. दर पंधरा दिवसांनी नळीचं शेवटचं टोक उघडून मिनिटभर पाणी सोडायचं, पहिलं पाणी चहासारखं येतं. पांढऱ्या बारीक नळीत आतून शेवाळ धरतं, काळीत नाही. एकदा उत्साहात जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पातळ खत) ड्रममध्ये घालून ठिबकला जोडलं. फडक्यातून गाळलं होतं, तरी बेसनाचा गाळ जाऊन बसायचा तिथे बसलाच. आता ते तांब्यानं बुडाशी घालते.

मातीचा फरक लक्षात घ्या. काळ्या मातीत थेंबाखालचं पाणी आडवं पसरतं, ओल कांद्यासारखी फुगते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या बॅगेत ते गाजरासारखं सरळ खाली उतरतं, बॅगेखाली डबकं आणि कडेची मुळं कोरडी. म्हणून बॅगांना एकदम अर्धा तास न सोडता दहा-दहा मिनिटं तीनदा सोडते. वर पाचट अंथरलं तर आणखी बरं. आमच्याकडे ते दिराच्या उसाच्या फडातून पोतंभर येतं.

मेथी-कोथिंबिरीला ठिबक नको. विस्कटून पेरलेल्या वाफ्यावर ड्रिपर लावले तर ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतं, देवी आल्यासारखं. झारीच बरी.

प्राण्यांचंही सांगायला हवं. एप्रिलमध्ये खारींनी बारीक नळी सात ठिकाणी कुरतडली. त्यांना तहान, दुसरं काय. भिंतीवर पाण्याची परळ ठेवली तसं कमी झालं, बंद नाही. पावसाळ्यात संच बंद होता तेव्हा कुंभारीण माशीनं नळ्यांच्या उघड्या तोंडात मातीची घरं केली. पुढच्या वर्षी गुंडाळून माळ्यावर ठेवणार.

फायदा काय झाला, ते कॅलेंडरवर लिहीत गेले. ४८ ड्रिपरना मिळून ताशी शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. थंडीत दिवसाला चाळीस मिनिटं पुरतं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास. पूर्वी पाइपनं पाणी घालताना निम्मी टाकी रोज संपायची, थंडीतसुद्धा. वांग्याच्या आठ झाडांपासून डिसेंबर ते मे एकोणीस किलो, टोमॅटोच्या दहा झाडांपासून बावीस. गेल्या वर्षी निम्मे टोमॅटो बुडाशी काळे पडले होते, यंदा पाच-सहाच. पाणी कधी खंडीभर, कधी काहीच नाही असं झालं की फळाला कॅल्शियम नीट पोचत नाही आणि बूड सडतं, ते नियमित ओलीनं थांबलं. भेंडीवर केवडा रोग आलाच, पानांच्या शिरा पिवळ्या. तो पांढऱ्या माशीचा उद्योग, ठिबकचा त्यात ना दोष ना गुण. पैशांत पाहाल तर संच, टायमर आणि फुकट गेलेले ड्रिपर धरून अजून वसूल नाही झाला. संध्याकाळचा पाऊण तास मात्र वाचला.

पाचपैकी साडेतीन देईन. टाकी दहा फुटांपेक्षा खाली असेल तर दोनच.

परसातली एकच गोष्ट ठिबकवर नाही, मोरीच्या पाण्यावरचं अळू. ते सासूबाईंनी लावलंय. त्याला ना टायमर, ना गाळणी, ना व्हिनेगर. परवा नागपंचमीला त्याची चोवीस पानं खुडली, आणि वड्या थापताना त्या माझ्याकडे एकदाच बघून हसल्या.