मसिनगुडीची खोली, ‘सशुल्क’ ई-पास आणि रात्रीची सफारी : फसवणुकीचा एक अनुभव

मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने कर्नाटक आणि निलगिरीच्या डोंगरांकडे निघणारी कुटुंबे आमच्या ओळखीत दरवर्षी वाढत आहेत. २०२५ च्या मे महिन्यात मी आणि माझे पती याच मार्गाने गेलो होतो. त्या प्रवासात आमची १४,४८० रुपयांची फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नाही. मात्र ती ज्या पद्धतीने काढून घेतली गेली, ती पद्धत या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी असे वाटल्यामुळे सर्व प्रकार तपशीलवार लिहीत आहे. आम्हांला जे सांगण्यात आले त्यातील बहुतेक नियम खरे होते. खोटे होते ते त्या नियमांच्या नावाने मागितलेले पैसे.

तवंदी घाट ओलांडून बेळगाव, हुबळी, दावणगेरेमार्गे चिकमगळूर, तेथून मडिकेरी, मग नागरहोळे आणि बंदीपूर ही राष्ट्रीय उद्याने पाहून मुदुमलाईच्या जंगलातून उटीला चढायचे, असा आमचा बेत होता. उटीत मे महिन्यात उसळणारी गर्दी टाळण्यासाठी पायथ्याच्या मसिनगुडी गावात दोन रात्री राहायचे ठरले. नकाशाच्या ॲपवर तेथील एक रिसॉर्ट आवडले, छायाचित्रे चांगली होती, अभिप्रायही बरेच जुने आणि खरे वाटणारे होते. त्या नोंदीत दिलेल्या क्रमांकावर आम्ही फोन केला.

पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने हिंदीत बोलत होता. गाडीचा क्रमांक एमएच-०९ ने सुरू होतो हे कळताच, ‘कोल्हापूरचे का? महालक्ष्मीच्या दर्शनाला आलो होतो, तांबडा-पांढरा खाऊन गेलो,’ असे त्याने सांगितले आणि संभाषण एकदम घरगुती झाले. खोलीचे भाडे ९,६०० रुपये, निम्मी रक्कम आगाऊ. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर रिसॉर्टचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. माझ्या पतींनी विचारले, तेव्हा ‘तो माझा पुतण्या, सीझनमध्ये बुकिंग तोच बघतो,’ हे उत्तर तयार होते. लहान हॉटेलांमध्ये असे खरोखरच असते, म्हणून ४,८०० रुपये गेले.

येथून पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात (उटी आणि मसिनगुडी याच जिल्ह्यात येतात) आणि कोडाईकनालला जाणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांना ई-पास, म्हणजे ऑनलाइन काढायचा प्रवेश-पास, बंधनकारक झाला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयाने मर्यादाही घातली होती : निलगिरीत सोमवार ते शुक्रवार दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहने. ही माहिती वर्तमानपत्रांत येऊन गेली होती आणि आम्हांलाही ठाऊक होती. त्या माणसाने नेमके हेच आकडे सांगितले. पाससाठी मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो, तेव्हा तो आम्हीच काढून देतो, तुमच्या तारखेचा कोटा संध्याकाळपर्यंत संपेल, असे म्हणून त्याने गाडीचा क्रमांक, प्रवाशांची संख्या आणि तारखा मागितल्या. खरा अर्जही जवळपास हेच विचारतो, त्यामुळे मागणीत खटकण्यासारखे काही नव्हते. शुल्क सांगितले १,१८० रुपये, म्हणजे एक हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. कराचा हिशेब रुपयाला जुळला की माणूस मूळ रकमेबद्दल विचारत नाही, हे त्याला चांगले माहीत असावे. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. तीवर आमच्या गाडीचा अचूक क्रमांक, क्यूआर कोड, सरकारी वाटणारे बोधचिन्ह आणि खाली ‘प्रवेश शुल्क प्राप्त’ असा इंग्रजी शिक्का होता. प्रत्यक्षात ई-पास पूर्णपणे विनामूल्य आहे. तमिळनाडू शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर तो कोणालाही स्वतः काढता येतो, आणि ज्या पासवर शुल्काची नोंद असेल तो तेवढ्यावरूनच बनावट समजावा.

दुसरा खरा नियम बंदीपूरचा. जंगलातून जाणारा महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीसाठी बंद असतो. २००९ पासून ही बंदी आहे. वाटेत आम्ही मडिकेरीत असताना त्याचा फोन आला आणि त्याने हीच बंदी पुढे करून सांगितले की, रात्री जंगलात गाड्या नसतात म्हणूनच जनावरे रस्त्यावर येतात आणि आमच्या रिसॉर्टला वन खात्याची विशेष जीपची परवानगी आहे. परवानगीचे ३,५०० रुपये आणि परत मिळणारी अनामत ५,००० रुपये. सोबत वन खात्याच्या नावाचे, सही-शिक्क्याचे पत्र पाठवले. मुदुमलाई आणि बंदीपूर या व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकांसाठी रात्रीची सफारी नसते. मुदुमलाईत सफारीसाठी तेप्पकाडू येथील वन खात्याच्या केंद्रात जावे लागते, आम्ही गेलो तेव्हा बंदीपुरात ती वन खाते आणि कर्नाटक शासनाचा जंगल लॉजेस हा उपक्रम चालवत होते, आणि दोन्हीकडे सफारी दिवसाउजेडीच होत होती. मसिनगुडी परिसरात खासगी जीपवाले अंधारात फिरवून आणतात ते बेकायदेशीर आहे आणि पकडल्यास दंड होतो. नागरहोळेच्या तिकीट खिडकीवर दुसऱ्याच दिवशी आम्हांला मिळालेली वन खात्याची छापील पावती आणि हे रंगीत पत्र यांतला फरक डोळ्यांत भरत होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण पैसे आदल्या रात्री गेले होते.

मुदुमलाई ओलांडल्यावर ई-पास तपासणीच्या नाक्यावर कर्मचाऱ्याने कोड स्कॅन केला, तो कोणत्याच नोंदीला जोडलेला नव्हता. त्याने आमच्यावर आवाज चढवला नाही. उलट असे कागद रोज येतात असे सांगून तिथेच फोनवर खरा पास काढायला लावला. पाच मिनिटे लागली आणि एक रुपयाही द्यावा लागला नाही.

रिसॉर्ट मात्र खरे होते. छायाचित्रांतली तीच बाग, तोच लाल कौलांचा व्हरांडा, आणि नोंदवहीत आमचे नाव नाही. तेथील व्यवस्थापकाने स्वतःचा दूरध्वनी क्रमांक आणि नकाशावरील नोंदीतला क्रमांक शेजारी शेजारी धरून दाखवले. नकाशावरील अशा नोंदींत कोणीही त्रयस्थ बदल सुचवू शकतो आणि मालकाचे लक्ष नसेल तर तो बदल टिकून राहतो. जुने अभिप्राय खरे आणि क्रमांक भामट्याचा, अशी ही रचना होती. आम्ही तिथूनच त्या क्रमांकावर फोन केला. अनामत परत करतो म्हणून त्याने शांतपणे एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून रक्कम जाते. माझे पती एवढेच म्हणाले, ‘अहो, आता पुरे,’ आणि त्यांनी फोन ठेवला.

१९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आम्ही त्याच व्हरांड्यातून तक्रार नोंदवली. तेथे प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, बँक आणि रक्कम विचारतात, म्हणून यूपीआय ॲपमधील व्यवहारांचे तपशील आधीच उघडून ठेवावेत. तक्रार जितकी लवकर होते, तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. आमचे शेवटचे ८,५०० रुपये पुढच्या खात्यात गोठले. आधीचे दोन व्यवहार जुने असल्यामुळे ते पैसे केव्हाच पुढे सरकले होते. कोल्हापुरात परतल्यावर बँकेचा खातेउतारा, दोन्ही बनावट कागद आणि संपूर्ण संभाषण सायबर पोलीस ठाण्यात दिले. संभाषण पुसून न टाकता जसेच्या तसे दाखवल्याचा तेथे उपयोग झाला. गोठवलेली रक्कम परत मिळण्याचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

रिसॉर्टच्या नोंदीतला तो क्रमांक आता काढला गेला आहे. मात्र तीच छायाचित्रे वापरून, नाव बदलून, कोडाईकनालच्या मुक्कामाची एक नोंद नुकतीच आमच्या पाहण्यात आली आणि तिच्यात ‘ई-पाससह पॅकेज’ असे ठळक लिहिलेले आहे. कोडाईकनालचा ई-पासही त्याच संकेतस्थळावर आणि विनामूल्यच मिळतो.