हाफ्निअम ऑक्साइडचं इंजेक्शन 'हेन्सिफाय': कोल्हापूरच्या रुग्णाला कितपत उपयोगाचं?

शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, परिणाम कॅन्सरच्या गाठीतच वाढवणारं हे इंजेक्शन. सुमारे 50 नॅनोमीटरचे कण, शिरेतून नाही, थेट गाठीत, तेही एकदाच. शेक नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. हाफ्निअम हा जड धातू, अणुक्रमांक 72. एक्स-रे त्यात जास्त अडतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन जवळच्या पेशींचा डीएनए तोडतात. पण हा फायदा कमी ऊर्जेच्या किरणांत मोठा असतो, लिनॅकच्या, म्हणजे शेक देणाऱ्या नेहमीच्या यंत्राच्या, 6 एमव्हीच्या जास्त ऊर्जेच्या किरणांना बराच घटतो. 'शेक कित्येक पट बसतो' असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

हातापायांच्या आणि धडाच्या सार्कोमावर (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कॅन्सर) 180 रुग्णांची चाचणी झाली. 25 बैठकांत 50 ग्रे (शेकाच्या डोसचं माप), मग शस्त्रक्रिया. गाठीत जिवंत कॅन्सरपेशी 5 टक्क्यांहून कमी उरलेले रुग्ण इंजेक्शनच्या गटात 16 टक्के, नुसत्या शेकाच्या गटात 8. यावरच 2019 मध्ये युरोपात सीई मार्क, म्हणजे विक्रीची मान्यता, मिळाला. दुप्पट खरं, पण 100 पैकी 84 जणांत तो टप्पा आला नाही, हेही तितकंच खरं.

मात्रा गाठीच्या आकारमानाच्या 10 टक्के. गाठ 200 मिली असेल तर 20 मिली, लिटरला 53.3 ग्रॅम या हिशेबाने जेमतेम 1 ग्रॅम हाफ्निअम ऑक्साइड. खरी कसोटी सुईची आहे. सोनोग्राफीत बघत, सुईची जागा बदलत हळू सोडावं लागतं. घाई केली तर द्रव सुईच्या वाटेने मागे येतो. गाठीचा मधला भाग सडलेला असेल तर सगळं त्याच पोकळीत साचतं आणि कडेच्या जिवंत पेशी कोरड्या राहतात. काहींचा रक्तदाब इंजेक्शननंतर लगेच घसरतो, म्हणून सलाईन लावून निरीक्षणात ठेवणं आवश्यक. कण सीटीत पांढरे दिसतात, त्यामुळे पसरण तपासता येते; पण तोच पांढरेपणा शेकाच्या डोसच्या गणिताला चकवतो. शेकाचा आराखडा इंजेक्शनआधीच्या सीटीवर केलेला बरा.

आपल्याकडे मावा-तंबाखूमुळे प्रश्न जास्त तोंडाच्या कॅन्सरचा. ही मान्यता त्यासाठी नाही. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध न झेपणाऱ्या वयस्कांवर चाचणी वेगळी सुरू झाली. आयुर्वेदातलं यशद (जस्त) भस्मही धातूचंच ऑक्साइड, मग तेच का नको? जस्ताचा अणुक्रमांक 30, शिवाय पोटात घेतलेलं भस्म गाठीत जाऊन बसत नाही. शेक चालू असताना तर डॉक्टरांना न सांगता ते घेऊच नका.

चाचणीत घेतो असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. संमतिपत्र मराठीत मागा, आणि इंजेक्शनचे पैसे मागितले तर सहीआधी थांबा.