शर्टाचा विकतचा पॅटर्न: योक झकास, मुंढा फसवा

बाबांचा डावा खांदा उजव्यापेक्षा सेंटिमीटरभर उतरलेला आहे. तयार शर्ट घातला की बटणपट्टी एका बाजूला कलते. म्हणून या वेळी पूर्ण बाहीच्या शर्टाचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, विकत घेतला, ए4 कागदांवर छापून चिकटवायचा असतो तसा. घेणार असाल तर आधी एकच पान छापा आणि त्यावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजा. प्रिंटरने परस्पर आकार लहान केला, तर 10 सेंटिमीटरचा चौकोन 9.7 भरतो आणि शर्टाच्या छातीच्या घेरात तीनेक सेंटिमीटर गायब होतात. मला हे सगळी पानं चिकटवून झाल्यावर कळलं. पुन्हा छापली.

योकसाठी मात्र पैकीच्या पैकी गुण. योक, म्हणजे खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागावर बसणारा तुकडा, दुहेरी आहे. पुढचे-मागचे भाग गुंडाळून दोन योकच्या मधे वळकटी ठेवायची, खांद्यावर टीप मारायची आणि सगळं गळ्यातून बाहेर ओढायचं. करताना वाटतं, झालं बोचकं! पण उलटवल्यावर आत एकही कड उघडी राहत नाही. इथली चित्रं इतकी स्पष्ट आहेत की मजकूर वाचावाच लागला नाही. बाजूंना माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, दीड सेंटिमीटर दिली आहे, तीही योग्यच. एक कड अर्धी कापून दुसरी तिच्यावर दुमडली की वरून टीप घालायला पुरेसं कापड हाताशी येतं.

आता मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलसर काप. जुन्या चादरीचा कच्चा शर्ट शिवून बाबांना घातला. त्यांनी माळ्यावरचं काही काढायला हात वर केला आणि म्हणाले, "अगं, हाताबरोबर सगळा शर्टच वर येतोय." मुंढा फार खोल आहे. मोकळा वाटावा म्हणून खोल ठेवला असेल, पण होतं नेमकं उलटं: बगल जितकी खाली, तितका हात अडकतो. मी मुंढा दीड सेंटिमीटर वर घेतला, बाहीची बगलही तेवढीच उचलली. डावीकडे खांद्याचा उतार वाढवला आणि मुंढा तितकाच खाली सरकवला. दुसऱ्या कच्च्या शर्टात हात वर गेला, शर्ट जागेवर राहिला.

कॉलरचा राग अजून गेलेला नाही. वरच्या आणि खालच्या कॉलरला एकच तुकडा दिलाय! खालचा दोन-तीन मिलिमीटर लहान हवा, नाहीतर शिवण कडेवर येऊन डोकावते आणि टोकं वर वळतात. बाबांच्या पहिल्या कॉलरची टोकं अशीच वळली. उसवून खालचा तुकडा छाटला, तेव्हा कुठे बसली. नवशिक्याला हे कसं कळावं? कॉलर तिच्या खालच्या, गळ्याभोवतीच्या पट्ट्याला जोडायची कृतीही दोन ओळींत उरकली आहे.

काजांच्या खुणा बरोबर आहेत: बटणपट्टीवर उभी, कॉलरच्या पट्ट्यावर आडवं.

पूर्वी एखादा शर्ट शिवला असेल तर घ्या. पहिलाच असेल तर नको. सुती कापड कापण्याआधी धुऊन घ्या, हे सूचनांमध्ये शेवटच्या पानावर लिहिलंय, म्हणजे कापून झाल्यावर वाचायला. खिसा दिलाय त्यापेक्षा दोन सेंटिमीटर खोल केला. बाबांचा चष्मा वाकल्यावर पडायचा, आता राहतो.