तीन चेंडूंचा स्पायरोमीटर : सव्वा वर्ष वापरून

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा माहितीपत्रकासाठी कापला, अर्धा नळीसाठी.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर मुलाच्या गाडीवर मागे बसले होते. उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना गाडी घसरली. डावीकडच्या पाच बरगड्या मोडल्या, त्यातल्या तीन तर दोन-दोन ठिकाणी. श्वास घेतला की छातीचा तेवढा भाग फुगायच्या ऐवजी आत जायचा. चार बरगड्यांना टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाने हॉस्पिटलखालच्या मेडिकलमधून हे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र आणलं, ३५० रुपयांना. माहितीपत्रक नुसतं इंग्रजीत. मी आपली जीव खाऊन फुंकतेय, चेंडू ढिम्म हलेनात. शेजारच्या खाटेवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, फुंकतीस काय? उसाचा रस ओढतात तसं ओढ की!" पहिला चेंडू ६०० चा, मग ९०० आणि १२००. सेकंदाला तेवढे सीसी हवा ओढली की तो तो चेंडू वर जातो. जागी असेन तोवर दर तासाला दहा वेळा. दुखतं म्हणून वरवर श्वास घेत राहिलं तर फुप्फुसाच्या तळाला हवा पोचत नाही, कफ साठतो, न्यूमोनियाची भीती. झटका देऊन तिन्ही चेंडू उडवण्यात मला भारी वाटायचं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी कान उपटले : दोनच उचला, पण सावकाश ओढा आणि धरून ठेवा.

महिन्याभरात नळी तोंडापाशी सैल झाली, हवा निसटायला लागली. नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळून आजवर चालवलीय.

सहाव्या महिन्यात तिसरा चेंडू आरामात वर गेला आणि मी स्वतःला बरी समजले. माझा चपाती-भाजीचा डबा आहे. तो पुन्हा सुरू केला. पहिल्याच आठवड्यात मिरचीची फोडणी दिली, ठसका लागला, आणि ओट्याला धरून खालीच बसले. तेव्हापासून गॅसशेजारच्या खुंटीला एक उशी टांगलेली असते. शिंक आली की ती छातीशी घट्ट धरायची. डाव्या कुशीवर झोपायला दहावा महिना उजाडला. छातीखाली वीतभर जागा अजून बधिर आहे, हात लावला तर मध्ये जाड कापड असल्यासारखं वाटतं, आणि नेमका तिथेच ब्रेसियरचा पट्टा काचतो. चाळीस चपात्या लाटल्या की बरगडी ओढल्यासारखी होते, म्हणून कणीक मुलगा मळतो. यातलं काही चेंडूंना कळत नाही. पण फुप्फुसं साफ राहिली, ते याच्यामुळे, असं मी तरी धरून चाललेय.

आता ते फ्रिजवर असतं. सर्दी झाली की खाली काढते. नळी तेवढी सुटी मागितली तर मेडिकलवाला म्हणतो, "ताई, अख्खंच घ्यावं लागंल."