डिजिटल सातबारा: काही महिने वापरल्यावर

वारसनोंद आणि त्यापाठोपाठ पीककर्ज, या दोन कामांमुळे गेले काही महिने भूमी अभिलेखाची संकेतस्थळं सतत उघडतोय. सरकारी साइट खरंच सुधारली का, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: तिथला कागद बँकेत चालतो का?

डिजिटल सातबारा चालतो. १ मे २०१८ ला ही सेवा सुरू झाली. मोबाइलवर ओटीपी घ्यायचा, साइटवरच्या आपल्या खात्यात पैसे भरायचे, १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हातात. ना सही, ना शिक्का. बँकेतल्या मॅडमनी उताऱ्यावरचा १६ अंकी क्रमांक पडताळणीच्या पानावर टाकला, उतारा समोर आला आणि फाइल पुढे सरकली. तलाठी कार्यालयाची एक फेरी वाचली. गावापासून लांब राहणाऱ्यांना याची किंमत कळेल.

उताराही बदललाय. २०२० च्या नव्या नमुन्यात नावासमोरच जमिनीचा खाते क्रमांक येतो, कमी झालेल्या नावांवर आडवी रेघ असते आणि शेवटचा फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, कोणता, एखादा प्रलंबित आहे का, तेही दिसतं. जमीन घेणाऱ्याने आधी तिथेच बघावं.

याच काळात दुसऱ्या एका सरकारी पोर्टलनेही कात टाकली. मुखपृष्ठावर सरकते फोटो आले, मेनू चकचकीत झाला. आतला फॉर्म मात्र जुनाच. कागदपत्रं जोडेपर्यंत सेशन संपतं, मग पहिल्यापासून भरा. कॅप्चा इतका वेडावाकडा की आईला वाचताच येत नाही. दृष्टी अधू असलेल्यांनाही साइट वापरता यावी, हे केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. ते आधी पाळा, फोटो नंतर सरकवा. माझा राग आहे तो यावरच.

नव्याने वापरणार असाल तर आधी महाभूलेख या सरकारी साइटवर विनास्वाक्षरीचा उतारा फुकट बघा. तो फक्त माहितीसाठी असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. पण गट क्रमांक टाकून ‘शोधा’ म्हटलं की खालच्या यादीत सगळे पोटहिस्से येतात. आपला नेमका कोणता, ते तिथे पक्कं करा आणि मगच १५ रुपये भरा. नावाने शोधताना रेकॉर्डला जसं लिहिलंय तसंच टाकावं लागतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. त्यामुळे जुना उतारा जवळ असू द्या.