पहिलं क्लिपलेस पेडल: एसपीडी की एसपीडी-एसएल?

पहिल्यांदा क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट ज्यात अडकून बसतो असं पेडल, घेताना शिमानो कंपनीचे दोन प्रकार समोर येतात: एसपीडी आणि एसपीडी-एसएल. नवीन सायकलस्वारानं एसपीडीच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

एसपीडीचं क्लीट (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) लहान, धातूचं, दोन बोल्टचं. एमटीबी (माउंटन बाइक) बुटाच्या तळव्यातल्या खाचेत ते आत बसतं, त्यामुळे चहाच्या टपरीपर्यंत नीट चालता येतं. एम५२०सारख्या पेडलला दोन्ही बाजूंनी पकड असते. सिग्नल सुटल्यावर खाली बघत पेडल उलटवत बसावं लागत नाही. पुण्यासारख्या शहरात, जिथे चौकाचौकात पाय टेकावा लागतो, तिथे याचं मोल फार मोठं. शिवाय क्लीटमध्ये निवड आहे. नेहमीचं एसएच५१ टाच बाजूला वळवली की सुटतं. एसएच५६ इतर दिशांनीही सुटतं, म्हणजे घाबरून पाय ओढला तरी निघायची शक्यता जास्त. पेडलमधल्या स्प्रिंगचा ताण ॲलन कीनं अगदी कमी ठेवा, भिंतीला धरून एकेक पाय अडकवणं-सोडवणं घोटवा. आणि पाय थांबण्याआधी सोडायचा, थांबल्यावर नाही!

एसपीडी-एसएलचं क्लीट तीन बोल्टचं, रुंद, प्लॅस्टिकचं. दाब मोठ्या भागावर पसरतो, लांबच्या वेगवान राइडला ते खरंच सुखाचं. पण पेडलला पकड एकाच बाजूनं, आणि क्लीट चालून झिजतं, गुळगुळीत फरशीवर घसरतं. तरीही हेच घ्यायचं असेल तर पिवळं क्लीट घ्या: त्यात अडकलेल्या पायाला थोडं बाजूला वळायला ६ अंशांची मोकळीक मिळते, निळ्यात २, लाल क्लीटमध्ये शून्य.