‘दोन वर्षं दुसरीकडे नोकरी नाही’ : अट घालावी की नको?

भोसरीत टूलरूम, म्हणजे डाय (साचे) बनवणारं वर्कशॉप, चालवणाऱ्या मित्राने परवा नव्या ऑफर लेटरचा मसुदा पाठवला. कलम नऊ : नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही. मसुदा कुठून उचलला ते लगेच कळलं, कारण खाली ‘टेक्सस राज्याचे कायदे लागू’ तसंच राहिलं होतं. त्याचा डाय डिझायनर रस्त्यापलीकडच्या टूलरूममध्ये गेला, म्हणून हा सगळा खटाटोप.

टेक्ससमध्ये मुदत आणि परिसर वाजवी असेल तर अशी अट टिकू शकते. आपल्याकडे भारतीय करार कायद्याचं कलम 27 आडवं येतं : कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. धंदा गुडविलसकट, म्हणजे नावलौकिक आणि गिऱ्हाइकांसकट, विकला असेल तर अपवाद, पण नोकरदाराने काही गुडविल विकलेलं नसतं. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातही 1872 पासून जवळपास हाच नियम आहे, आणि सिलिकॉन व्हॅलीचं त्यामुळे काही बिघडलेलं दिसत नाही.

नोकरी चालू असतानाची बंदी मात्र वेगळी. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला गोळीकरी नावाचा एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये कंपनीची बाजू घेतली, पण ती मनाई कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतीच होती. या गोळीकरी खटल्याचा दाखला देणारे ही दुसरी अर्धी गोष्ट सोयीस्करपणे गाळतात.

मग कलम नऊचा उपयोग काय? भीती. आयटीआयचा पोरगा सही करतो आणि घाबरून राहतो. अनुभवी माणूस वकिलाला दाखवतो आणि जातो. ज्याला रोखायचं तो जातोच, अडकतो तो दुसराच. माझ्या मते हे कलम न घालण्याचं एवढं एक कारणही पुरे.

त्याऐवजी बॉण्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायचा करार? प्रशिक्षणावर खरोखर पैसे घातले असतील तर चालेल. विजया बँकेने तीन वर्षांच्या नोकरीची आणि आधी सोडल्यास दोन लाखांची अट घातली होती, ती सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये उचलून धरली. पण ती सरकारी बँक, भरतीचा खर्च मोठा. टूलरूमने मनाला येईल तो आकडा टाकला तर कोर्ट वाजवी तेवढंच देईल. आणि मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेऊ नका, त्यासारखा ओंगळ प्रकार नाही. नोटीस काळात पगार देऊन घरी बसवणं हे मोठ्या कंपन्यांना परवडतं.

उरतो गोपनीयतेचा करार. तो नोकरी सुटल्यावरही लागू राहतो. फक्त ‘सर्व माहिती गुप्त’ असं मोघम लिहून भागत नाही. डायची ड्रॉइंग्ज, कोटेशनचे दर, ग्राहकांची यादी असं नाव घेऊन लिहावं लागतं. डिझायनरच्या हातातली कला मात्र त्याची स्वतःची, तिच्यावर कुठलाही करार चालत नाही.

मित्राला विचारलं, ड्रॉइंग्ज कुठे असतात? म्हणाला, डिझायनरच्या पेन ड्राइव्हवर. आणि ग्राहक फोन कुणाला करतात? त्याच्याच खासगी मोबाइलवर. कलम नऊ काढलं. पुढच्या डिझायनरला कंपनीचं सिम आणि दोन महिन्यांची नोटीस.